नदीची प्रकृती आणि माशांची साक्ष

नदीत मासे दिसले की पाणी चांगले, मासे मेले की पाणी वाईट. पर्यावरणाच्या धड्यांत, विज्ञान प्रदर्शनातील तक्त्यांवर आणि मुलांच्या प्रकल्पवह्यांत हा नियम आपल्याला वारंवार भेटतो. नियम सोपा आहे, मुलांच्या लक्षात राहतो आणि तो अगदीच खोटाही नाही. अलीकडे त्याला एक पुरवणी जोडलेली दिसते : स्थानिक मासे असतील तर नदी निरोगी आणि बाहेरून आलेले मासे असतील तर नदी आजारी. ही पुरवणीही वरवर पाहता पटण्यासारखी आहे.

या दोन्ही नियमांच्या मागे एक गंभीर शास्त्रीय काम आहे. ते काम वर्गापर्यंत पोहोचताना त्यातल्या अटी गळून पडल्या आणि निष्कर्ष तेवढे उरले. या लेखात आम्ही त्या मूळ कामाची आणि त्याच्या सोप्या रूपांची चिकित्सा करणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : ‘पाणी स्वच्छ आहे का?’ आणि ‘नदीतली जीवसृष्टी शाबूत आहे का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मासे दोन्ही प्रश्नांची उत्तरे देऊ शकतात, पण एकाच आकड्यात नाही. दोन्ही उत्तरांची बेरीज करून एक आकडा काढला, की चांगल्या हेतूने केलेल्या कामातूनही नदीचे नुकसान होऊ शकते. तसे झाल्याचे एक उदाहरण आपल्या देशातच आहे.

मासाच का?

नदीच्या पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत नेली, तर त्या क्षणी त्या जागी पाण्यात काय होते ते कळते. कारखान्याने रात्री सांडपाणी सोडले आणि आपण बाटली सकाळी दहाला भरली, तर रात्रीचा प्रकार निसटून जातो. मासा मात्र त्या पाण्यात रात्रंदिवस असतो. काही जाती एकदोन वर्षे जगतात, काही दहा-वीस वर्षे. इतक्या काळात पाण्यावर जे जे बेतले, ते माशांच्या संख्येत, वयात आणि अंगावरच्या जखमांत उमटते.

दुसरे कारण अन्नाचे. दगडावरचे शेवाळ खरवडणारे, किड्यांच्या अळ्या खाणारे, गाळातले कुजके खाणारे आणि इतर मासे गिळणारे असे सगळे एकाच नदीत असतात. अळ्या नाहीशा झाल्या तर अळ्या खाणारे मासे कमी होतात. म्हणजे मासा केवळ पाण्याची नव्हे, तर साऱ्या अन्नसाखळीची खबर देतो.

तिसरे कारण प्राणवायूचे. थंड पाण्यात प्राणवायू अधिक मावतो, कोमट पाण्यात कमी. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्यात सांडपाणी मिसळले की ते कुजवणारे जिवाणू हा साठाही वापरून टाकतात. अशा वेळी कोणता मासा टिकतो आणि कोणता जातो, हे प्रत्येकाच्या श्वासाच्या पद्धतीवर ठरते.

चौथे कारण व्यवहारातले आहे. शेवाळाच्या किंवा अळ्यांच्या जाती ओळखायला सूक्ष्मदर्शक लागतो. मासे गावातले भोई आणि कोळी नावानिशी ओळखतात.

कार यांची गुणपत्रिका

अमेरिकेने १९७२ साली पाण्याच्या शुद्धतेविषयी कायदा केला. पाण्याची रासायनिक, भौतिक आणि जैविक अखंडता पुन्हा स्थापणे व राखणे हे त्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात यंत्रणांचे लक्ष रसायनांच्या मोजमापावरच राहिले, कारण ते मोजता येत होते. जैविक अखंडता मोजायची कशी, या प्रश्नावर १९८१ साली जेम्स कार या शास्त्रज्ञाने एक उपाय सुचवला. त्याने मध्य-पश्चिम अमेरिकेतल्या ओढ्यांसाठी माशांवर आधारलेला ‘जैविक अखंडतेचा निर्देशांक’ तयार केला.

त्याची रचना शाळेच्या गुणपत्रिकेसारखी आहे. विषय बारा. एकूण जाती किती, तळाशी राहणाऱ्या जाती किती, प्रदूषण मुळीच न सोसणाऱ्या जाती किती, काहीही खाणाऱ्या माशांचे प्रमाण किती, शिकारी मासे किती, संकर झालेले किती, गाठी किंवा झडलेले पर असलेले किती, अशा स्वरूपाचे. प्रत्येक विषयाला ५, ३ किंवा १ गुण. त्या प्रदेशातल्या, तेवढ्याच आकाराच्या आणि फारशा न बिघडलेल्या ओढ्यात जी स्थिती अपेक्षित असते, तिच्या जवळ असेल तर ५, फार दूर असेल तर १. पैकीच्या पैकी गुण ६०, किमान गुण १२.

ही कल्पना मोलाची होती हे आधी मान्य केले पाहिजे. नदीकडे रसायनांचे मिश्रण म्हणून नव्हे, तर सजीवांचे घर म्हणून पाहा, असे तिने पाण्याच्या अभियंत्यांना सांगितले. तिच्यात तुलनेला स्थान होते : कोणताही आकडा स्वतःहून चांगला किंवा वाईट नसतो, तो कशाशी ताडून पाहिला यावर ठरतो. ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडे गणसन आणि ह्यूज यांनी ती इंदूर-उज्जैन भागातल्या खान आणि क्षिप्रा नद्यांना लावून पाहिली आणि १९९८ साली ते काम प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांना मूळ विषय बदलावे लागले. हे स्वाभाविकच होते, कारण कार यांच्या यादीतले डार्टर, सनफिश आणि सकर हे अमेरिकेतले मासे क्षिप्रेत सापडणार कसे?

म्हणजे पद्धत उसनी घेता येते, यादी घेता येत नाही. आमची पहिली तक्रार इथेच आहे. वर्गातल्या तक्त्यावर पोहोचेपर्यंत पद्धत मागे राहते आणि यादी तेवढी पुढे जाते.

बेरजेत काय हरवते?

दोन ओढ्यांची कल्पना करू. पहिल्यात सहा विषयांना प्रत्येकी ५ आणि उरलेल्या सहांना प्रत्येकी १ गुण मिळाला. बेरीज ३६. दुसऱ्यात बाराही विषयांना प्रत्येकी ३ गुण मिळाले. बेरीज पुन्हा ३६. दोघांचा निकाल एकच, पण दोघांचे दुखणे वेगळे. पहिल्या ओढ्यात माशांच्या जाती भरपूर असतील, पण साऱ्यांच्या अंगावर जखमा असतील. दुसऱ्यात सगळेच थोडे थोडे ढासळलेले असेल. गणितात ९० आणि भाषेत ३० मिळवणाऱ्या मुलाला, आणि दोन्हींत ६० मिळवणाऱ्या मुलाला आपण एकच शिकवणी लावत नाही. नदीबाबत मात्र एकूण गुण पाहून निर्णय घेण्याचा मोह होतो.

दुसरी अडचण ‘जास्त जाती म्हणजे जास्त चांगले’ या गृहीताची आहे. थंड पाण्याच्या ओढ्यात मुळातच थोड्या जाती असतात. काठची झाडे तोडली, पाणी तापले, प्रवाह मंदावला, की कोमट पाण्याच्या जाती तिथे शिरतात आणि जातींची संख्या वाढते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हे लक्षात आल्यावर तिथल्या शास्त्रज्ञांना १९९६ साली थंड ओढ्यांसाठी वेगळा निर्देशांक मांडावा लागला. सह्याद्रीच्या माथ्याजवळच्या लहानशा ओढ्यात चारपाचच जाती सापडल्या, तर त्याला नापास करण्याआधी हे आठवायला हवे.

चार खण

आता स्थानिक आणि बाहेरच्या माशांच्या प्रश्नाकडे येऊ. ‘स्थानिक मासे नाजूक, बाहेरचे चिवट’ हे समीकरण इतके रूढ आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. फळ्यावर एक चौकोन काढून त्याचे चार खण केले, तर त्यातली चूक लगेच दिसते. आडव्या बाजूला लिहा : इथला, बाहेरचा. उभ्या बाजूला लिहा : नाजूक, चिवट.

इथला आणि नाजूक या खणात खडस, म्हणजेच महसीर, येतो. त्याला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि अंडी घालायला खडेगोट्यांचा तळ लागतो. बाहेरचा आणि चिवट या खणात तिलापिया, गप्पी आणि गॅम्बुसिया येतात. आफ्रिकेतला मोझांबिक तिलापिया आपल्याकडे १९५२ साली आणला गेला. आपल्या बाजारात तो चिलापी म्हणून विकला जातो. त्याची मादी अंडी तोंडात धरून उबवते, त्यामुळे गाळाने भरलेला तळही तिला चालतो. गप्पी आणि गॅम्बुसिया हे डासांच्या अळ्या खातात म्हणून विहिरी-तळ्यांत सोडले गेले. त्यांचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. खालच्या पाण्यात प्राणवायू उरला नाही, तरी पृष्ठभागालगतच्या पातळ थरात हवेतून विरघळलेला प्राणवायू घेऊन ते तग धरतात. शहरातल्या नाल्यातही ते दिसतात ते याच कारणाने.

हे दोन खण नेहमीच्या नियमात बसतात. उरलेले दोन बसत नाहीत.

इथला पण चिवट या खणात मरळ आणि शिंगी आहेत. हे आपलेच मासे, पण पाण्यातला प्राणवायू संपला तर ते वर येऊन हवा घेतात, कारण त्यांच्याजवळ त्यासाठी वेगळी इंद्रिये आहेत. घाण पाण्याच्या डबक्यात मरळ जिवंत सापडली, तर ‘स्थानिक मासा आहे, नदी ठीक आहे’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. कार यांच्या मूळ यादीतही हे होते. ज्या ग्रीन सनफिशचे प्रमाण वाढणे हे त्यांनी बिघाडाचे लक्षण मानले, तो मासा मध्य-पश्चिम अमेरिकेचा मूळ रहिवासीच आहे.

बाहेरचा पण नाजूक या चौथ्या खणात ट्राउट येतो, आणि तो सर्वांत अधिक शिकवणारा आहे.

स्वच्छ पाण्यातला घुसखोर

ट्राउटला थंड, स्वच्छ, खळाळते पाणी लागते. प्राणवायू थोडा कमी झाला तरी तो जातो. गळाने मासे धरण्याच्या हौसेपायी युरोपातून गेलेल्या लोकांनी तो जगभर नेला. आपल्याकडे तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काश्मीरमध्ये आणि निलगिरीत रुजला. न्यूझीलंडमध्ये तपकिरी ट्राउट १८६७ साली पोहोचला. पाण्याच्या शुद्धतेपुरते बोलायचे तर ट्राउट सापडणारा ओढा उत्तम ठरेल.

पण न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या टायरी नदीच्या खोऱ्यात शास्त्रज्ञांनी गॅलॅक्सियस नावाचे तिथले मूळचे लहान मासे कुठे कुठे उरले आहेत, याची पाहणी केली. १९९१ साली ती प्रसिद्ध झाली. हे मासे मुख्यतः धबधब्यांच्या वरच्या भागात उरलेले आढळले. धबधब्यांखाली, जिथे ट्राउट पोहोचू शकतो, तिथे ते बहुधा नव्हते. दोन्ही भागांतले पाणी स्वच्छच होते. पुढच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. ट्राउट असलेल्या ओढ्यात पाण्यातले किडे दिवसा दगडांच्या वरच्या बाजूला येऊन चरायला धजत नाहीत, त्यामुळे दगडांवरचे शेवाळ वाढते. पाण्याचे रसायन तेच राहते, पण त्यातला व्यवहार बदलतो.

म्हणून ‘सूचक’ हा शब्द सावधपणे वापरायला हवा. नाल्यातली गप्पी बिघाडाची सूचक आहे. बिघाड आधी झाला, म्हणून तिला जागा मिळाली. ट्राउट हा बिघाडाचा सूचक नाही, तो स्वतःच बिघाडाचे कारण आहे. दोघांनाही ‘बाहेरचे मासे’ या एकाच रकान्यात घालून गुण कापले, तर उपाय शोधताना घोटाळा होतो. गप्पीच्या ओढ्याला सांडपाणी थांबवणे हा उपाय आहे. ट्राउटच्या ओढ्यात तो करण्यासारखे काहीच नाही.

बाहेरचा म्हणजे कुठला?

आता दुसरा शब्द तपासू. मत्स्यव्यवसायाच्या पुस्तकांत परदेशी मासे म्हणजे देशाच्या सीमेबाहेरून आलेले. चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस हे परदेशी, तर रोहू, कटला आणि मृगळ हे भारतीय प्रमुख कार्प. व्यापाराच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची असेल, पण नदीला देशाचा नकाशा माहीत नसतो. तिला पाणलोटाची सीमा ठाऊक असते. रोहू हा मुळात उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचा मासा आहे. आपल्या धरणांत त्याचे मत्स्यबीज आणून सोडलेले आहे. तो भारतीय आहे, पण सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांना पाहुणाच आहे. उलट बाजूने पाहिले, तर आपल्याकडची मागूर अमेरिकेतल्या फ्लोरिडात उपद्रवी घुसखोर ठरली आहे. जगातल्या शंभर सर्वांत घातक घुसखोर जातींची जी यादी २००० साली प्रसिद्ध झाली, तीत गॅम्बुसिया, मोझांबिक तिलापिया आणि ट्राउट यांच्या बरोबरीने मागूरही आहे.

इथे महसीरची गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण तिचा एक धागा थेट महाराष्ट्रात आहे.

दख्खनचा खडस विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने कमी होत होता. लोणावळ्याला टाटा वीज कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याचे कृत्रिम प्रजनन होऊ लागले. हे काम कष्टाचे होते आणि खडसाच्या दृष्टीने उपकारक ठरले. त्या केंद्रातली बोटुकली निरनिराळ्या राज्यांत गेली, तशी कर्नाटकात कावेरी नदीतही सोडली गेली. हेतू स्पष्ट होता : महसीर धोक्यात आहे, तेव्हा महसीर वाढवावा.

पण कावेरीला तिचा स्वतःचा महसीर होता. पाठीवर उंच वशिंड असलेला, नारिंगी पराचा आणि पन्नास किलोंहून अधिक वाढणारा. तो जगभरच्या गळवाल्यांना ठाऊक होता, पण शास्त्रीय नावाने त्याची ओळख पक्की झालेली नव्हती. कावेरीच्या एका टप्प्यावर गळाने मासे धरून, नोंद करून, परत सोडण्याची पद्धत होती. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या आणि २०१५ साली निष्कर्ष मांडले. निळसर पराच्या खडसाची संख्या वाढत गेली होती. वशिंडवाला महसीर मात्र कमी होत गेला होता आणि जे थोडे सापडत होते ते अधिकाधिक मोठे होते. म्हणजे म्हातारे उरले होते आणि त्यांची जागा घेणारी पिल्ले दिसत नव्हती. २०१८ साली या माशाची ओळख टॉर रेमादेवी या जातीशी पटली, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले.

त्या पंधरा वर्षांत एखाद्या शाळेने कावेरीची गुणपत्रिका भरली असती, तर काय झाले असते? महसीर हा नाजूक मासा, तेव्हा पाणी चांगले. महसीर देशी मासा, तेव्हा नदी निरोगी. महसीरांची संख्या वाढते आहे, तेव्हा सुधारणा होते आहे. तिन्ही विधाने कागदावर बरोबर ठरली असती, आणि त्याच वेळी नदीचा स्वतःचा मासा संपत आला होता. ‘महसीर’ या एका शब्दाखाली दोन जाती मोजल्या गेल्या, म्हणून धोका उशिरा दिसला.

अर्थात वशिंडवाल्या महसीरच्या ऱ्हासाचे सारे खापर सोडलेल्या बोटुकल्यांवर फोडणेही घाईचे ठरेल. धरणे, वाळूचा उपसा आणि सुरुंगाने होणारी मासेमारी यांचेही ओझे त्या नदीवर आहे. पण आमच्या चिकित्सेच्या दृष्टीने मुद्दा उरतोच : एकूण आकडा वाढत होता आणि तोच आकडा सत्य झाकत होता.

तुलना कशाशी करायची?

निर्देशांकाचा पाया तुलनेचा आहे. ‘फारसा न बिघडलेला ओढा’ आपल्याकडे सापडणे कठीण. मग जुन्या नोंदींकडे वळावे लागते. याबाबतीत पुण्याच्या परिसराचे भाग्य थोर आहे. कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याने अनेक माशांना शास्त्रीय नावे देताना स्थानिक लोकांच्या तोंडची नावेच घेतली. टॉर खुद्री, गारा मुल्या, लेबिओ बोग्गट, सिऱ्हिनस फुलुंगी ही नावे आजही जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. त्यांतले खुद्री, मुल्या, बोग्गट आणि फुलुंगी हे शब्द इथल्या मासेमारांकडून गेलेले आहेत. टॉर खुद्रीचा, म्हणजे आपल्या खडसाचा, पहिला नमुना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतूनच मिळाला होता.

साइक्सनंतर फ्रेझर यांची १९४२ ची यादी आहे, तोनापी आणि मुळेरकर यांची १९६३ ची आहे, आणि २००३ साली मुळा-मुठेच्या माशांवर व पुणे जिल्ह्यातल्या दीर्घकालीन बदलांवर स्वतंत्र शोधलेख आले आहेत. या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर कोण गेले आणि कोण आले हे दिसते. जुन्या यादीतल्या काही जाती नंतरच्या पाहणीत सापडत नाहीत, आणि साइक्सच्या यादीत असणे शक्यच नव्हते असे तिलापिया आणि गॅम्बुसियासारखे मासे नंतरच्या याद्यांत येतात.

तरीही याद्यांची तुलना डोळे मिटून करता येत नाही. कोणी जाळे टाकून मासे मिळवले, कोणी बाजारात पाहिले. मोठ्या आसाच्या जाळ्यातून लहान मासे निसटतात, आणि बाजारात न विकले जाणारे मासे बाजारच्या यादीत येत नाहीत. नावेही बदललेली असतात. एखादी जात यादीत नाही याचा अर्थ ती नदीत नाही असा होईलच असे नाही. शिवाय नदीवर धरण बांधले, तर वर चढून अंडी घालणारा मासा पाणी स्वच्छ असूनही नाहीसा होतो. म्हणून गैरहजेरीचे कारण प्रदूषणच असे आधीच ठरवून टाकू नये.

शाळेसाठी

इतकी टीका केल्यावर शिक्षक विचारतील, मग माशांचा प्रकल्प सोडून द्यायचा का? मुळीच नाही. आमची सूचना एवढीच की बेरीज करू नये. सापडलेल्या प्रत्येक माशासाठी चार रकाने ठेवावेत. पहिला : हा मासा कोणता? ‘लहान चंदेरी मासा’ असे लिहिले तरी चालेल, पण खात्री नसताना नाव लिहू नये. दुसरा : हा याच नदीचा की आणलेला? आणलेला असेल तर कुठून आणि कशासाठी? तिसरा : कमी प्राणवायूत तो टिकतो का? चौथा : याची पिल्ले इथे दिसतात का?

चौथा रकाना फार महत्त्वाचा आहे. सोडलेले मासे काही वर्षे जगतात आणि मोठेही होतात, पण नदी त्यांना वाढवते आहे की केवळ सांभाळते आहे, हे पिल्लांवरून कळते. लहान, मधले आणि मोठे अशा तिन्ही आकारांचे मासे सापडले, तर प्रजनन चालू असण्याची शक्यता बरीच. कावेरीतला धोकाही याच रकान्यात दिसला होता.

यासाठी मुलांना पाण्यात उतरवण्याची गरज नाही, आणि प्रदूषित नदीत तर उतरवूच नये. गावातल्या मासेमारांच्या टोपल्या पाहाव्यात, कोणते जाळे वापरले ते विचारून लिहून घ्यावे, आणि वयस्कर मासेमारांना त्यांच्या लहानपणीचे मासे विचारावेत. एकच माणूस सांगतो तेवढ्यावर न थांबता तिघाचौघांचे म्हणणे पडताळावे. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी हे केले, तर पाच-सहा वर्षांत शाळेकडे स्वतःची तुलनेची यादी तयार होईल. साइक्सची यादी आपल्याला उपयोगी पडते, तशी ती पुढच्या पिढीला पडेल.

आणखी एक विनंती. सुट्टी लागताना शाळेच्या काचपेटीतले मासे दयेपोटी ओढ्यात सोडले जातात. नदी सुधारणेच्या कार्यक्रमांतही पाहुण्यांच्या हस्ते मत्स्यबीज सोडले जाते. अशा वेळी मुलांना एक प्रश्न विचारायला शिकवावे : हा मासा या नदीचा आहे का, आणि तो आधी इथून का गेला? तो सांडपाण्यामुळे गेला असेल, तर सांडपाणी थांबवल्याशिवाय नवा मासा सोडून काही साधत नाही. तो या नदीचा नसेलच, तर सोडलेला मासा जगला नाही तर वाया गेला, आणि जगला तर अधिकच काळजी करण्याजोगे झाले.

माशांवरून नदीची परीक्षा घेण्याची कल्पना चांगली आहे आणि ती शाळांपर्यंत पोहोचली याचा आम्हांला आनंदच आहे. फक्त निकालाच्या रकान्यात ‘उत्तम’ किंवा ‘खराब’ असा एकच शब्द लिहून वही मिटू नये. पाण्याविषयीचे उत्तर एका ओळीत लिहावे, जीवसृष्टीविषयीचे दुसऱ्या ओळीत. दोन्ही ओळी जुळल्या नाहीत, तर ती प्रकल्पातली चूक समजू नये. नदीला काय झाले आहे याचा शोध तिथूनच सुरू करता येतो.